बांगड्या वाढल्या

मराठी बाईच्या हातातली बांगडी कधी फुटत नाही. ती पिचू दे, आपटू दे, तिचे दहा तुकडे होऊन फरशीभर पसरू देत, तोंडानं म्हणायचं ते एवढंच की बांगडी वाढली. फुटली म्हणणं अशुभ. कुमुदताईंना हे त्यांच्या आईनं शिकवलं होतं. जबलपुरात चाळीस वर्षं हिंदीच्या गराड्यात काढून त्यांच्या मराठीचं पार कडबोळं झालं होतं. बोलता बोलता त्या हिंदीत कधी शिरल्या आणि परत कधी आल्या, हे त्यांचं त्यांनाही समजत नसे. पण बांगडी मात्र त्यांच्या घरात वाढायचीच.

गेल्या काही महिन्यांत ती जरा जास्तच वाढायला लागली होती.

कुमुदताईंचं घर जबलपूरच्या रांझी भागात, त्यांच्या स्वतःच्या नावावर. तिथल्याच एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्या कारकून होत्या, आता निवृत्त. नवरा विष्णू त्याच कारखान्यातला, तो जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा गौरांग सिहोऱ्याला बँकेच्या शाखेत, रोज बसनं जाऊन-येऊन करणारा. आणि सून समिधा, वर्ध्याची, सातव्या महिन्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण गौरांगनं तिला वर्ध्याला पाठवायला साफ नकार दिला होता. 'मला करमणार नाही' असं तो चारचौघांत हसून सांगायचा, आणि बायकोवर किती जीव आहे म्हणून शेजारणी कौतुक करायच्या.

जीव कुमुदताईंचाही होता सुनेवर. रोज सकाळी बदाम सोलून त्या तिच्यासमोर वाटी आपटत, "खा, नाहीतर मी भरवीन" असं दटावत. पोटुश्या बाईचे हात हिरव्या काचेनं भरलेले असावेत, या बाबतीत तर त्या कुणाचं ऐकत नसत. बांगड्या संपल्या की नव्या हजर. इतक्या बांगड्या जातात कुठं, हा प्रश्न पडला नाही असं नाही. त्यांनी त्याचं उत्तरही शोधून ठेवलं होतं: आमची समिधा धांदरट आहे. हे त्या इतक्या लाडानं सांगत, की ऐकणाऱ्याला तो सुनेचा एखादा गुणच वाटावा.

संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लागायचं. गौरांगचा आवाज चढायचा. मग कुमुदताई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांच्या फार सोयीचा होता. दुसऱ्या दिवशी गौरांग येताना खोव्याची जिलेबी घेऊन यायचा, स्वतःच्या हातानं समिधाला भरवायचा. समिधा खायची. कुमुदताई म्हणायच्या, झालं, मिटलं.

बांगडीवाली सत्यवती गुरुवारी दुपारी गल्लीत यायची. त्या गुरुवारी कुमुदताईंनी तिला हाक मारली, तेव्हा टोपली उतरवतानाच ती म्हणाली, "अम्मा, इस महीने ये तीसरी बार है. शादी वाले घर में भी इत्ती चूड़ी नहीं लगती."

"क्या करें, बहू धांदरट है हमारी," कुमुदताई म्हणाल्या. धांदरटला हिंदी शब्द त्यांना चाळीस वर्षांत सापडला नव्हता.

समिधा बाहेर येऊन ओट्यावर बसली. सत्यवतीनं तिचा हात हातात घेतला, बोटं जुळवून अंगठा आत दाबला, पहिली बांगडी बोटांवरून सरकवली आणि थांबली. बांगडी तशीच मागं काढून तिनं मनगट उन्हाकडं वळवलं. आतल्या बाजूला एक लहानशी लाल चीर होती, भोवती निळसर झालेलं. सत्यवतीनं अंगठ्यानं हलकेच चाचपलं.

"अंदर काँच है, बिटिया."

टोपलीतून चिमटा काढून तिनं ती हिरवी कपची ओढून काढली. तांदळाच्या कणीएवढी असेल. समिधानं हूं की चूं केलं नाही. तिचे डोळे मात्र भरून आले आणि ते लपवायला ती रस्त्यावरच्या गाईकडं बघत बसली.

सत्यवती टोपली बांधायला लागली. "आज नहीं चढ़ाऊँगी," ती म्हणाली. "और सुनो अम्मा. चूड़ी टकरा के टूटे तो काँच नीचे गिरता है. कलाई में तब घुसता है, जब कोई ऊपर से पकड़ के दबाए. तीस साल से हाथ पकड़ रही हूँ लोगों के."

ती गेली आणि कुमुदताईंचा पारा चढला. बांगडीवालीनं बांगड्या भराव्यात, भलत्या चौकशा हिला कुणी सांगितल्या! एवढं मोठं ज्ञान आहे तर जाऊन पोलिसात बसावं! तणतणत त्या आत गेल्या, हळद आणि मलम घेऊन आल्या, समिधाचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं.

"कशा वाढल्या गं?" त्यांनी विचारलं.

"वाढल्या, आई. दाराला लागल्या."

कुमुदताई मलम लावत राहिल्या. दाराला लागल्या. हे उत्तर त्यांच्या ओळखीचं होतं. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी त्यांची सासू त्यांच्यासमोर अशीच बसली होती, असाच आवाज काढून विचारत होती, आणि त्यांनीही दाराचंच नाव घेतलं होतं. तेव्हा त्यांना वाटायचं, सासूबाईंना बिचाऱ्यांना काही ठाऊक नाही. आज स्वतः त्या जागेवर बसल्यावर त्यांना कळलं, की सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, एवढंच. कुमुदताईंना त्या दुपारी स्वतःची लाज वाटली. तरी त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा पोटचा होता, आणि एकुलता एक होता.

शुक्रवारी सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टर दीपा दुबेंकडं तपासणी होती. दर वेळी गौरांग बरोबर असायचा आणि समिधाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तोच द्यायचा. या वेळी त्याला बँकेतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून कुमुदताई गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी समिधाचा रक्तदाब घेतला. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला. मग पोटावर हात ठेवून बराच वेळ तपासलं, सोनोग्राफीचा कागद उलटसुलट पाहिला.

"बीपी बहुत ज़्यादा है," त्या म्हणाल्या. "और बच्चे की बढ़त कम है. सातवें महीने के हिसाब से बहुत छोटा है."

कुमुदताईंना बदामांची वाटी आठवली. त्यांना वाटलं, आपल्यावरच आरोप आला. "खाती तो सब है, डॉक्टर साहब. मेरे सामने खाती है."

"सिर्फ़ खाने से नहीं होता, माँजी. सोती नहीं होगी, डरी-डरी रहती होगी, तो उसका असर बच्चे तक जाता है. आप ज़रा बाहर बैठिए. मुझे इससे अकेले बात करनी है."

सासूला बाहेर काढलं! कुमुदताई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. शेजारी एक बाई स्वेटर विणत होती, तिच्याकडं पाहून त्या उगाच हसल्या. आपण काय वाघ आहोत का, की आपल्यासमोर पोरीनं तोंड उघडू नये? मग सावकाश त्यांच्या ध्यानात आलं, की डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर काढलं ते बरोबरच होतं. समिधा त्यांच्यासमोर खरं बोलली नसती. काल बोलली नव्हतीच.

मधे नुसता पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"नींद आती है?"

"आती है."

"घर में कोई हाथ उठाता है?"

आत समिधाची खुर्ची करकरली.

"ये कलाई पे क्या हुआ?"

"कुछ नहीं, मॅडम. वो... चूड़ियाँ बढ़ गई थीं."

"बढ़ गई थीं? मतलब तंग हो गईं? हाथ में सूजन आई थी?"

समिधा अगदी बारीक आवाजात, "हाँ. बढ़ गई थीं."

"पैरों में भी सूजन है? चेहरे पे? सिर दुखता है? मैं कुछ जाँचें लिख देती हूँ."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. कुमुदताई ताडकन उठून उभ्या राहिल्या. घाबरलेल्या पोरीनं आपला मराठी शब्द जसाच्या तसा उचलून हिंदीत ठेवला होता आणि डॉक्टरीणबाईंना तो सूज म्हणून ऐकू आला होता. आता सुजेच्या तपासण्या होतील, सुजेच्या गोळ्या मिळतील, आणि त्या गोळ्या घेऊन समिधा पुन्हा त्याच खोलीत जाईल. या अख्ख्या दवाखान्यात बांगडी वाढणं म्हणजे काय, हे समजणारं दुसरं माणूस नव्हतं. घरात महिनोन्महिने बांगड्या वाढत होत्या आणि पोटातलं बाळ वाढत नव्हतं.

पडदा सारून त्या आत गेल्या.

"माँजी, आपको मैंने—"

"बढ़ी नहीं हैं, डॉक्टर साहब," कुमुदताई म्हणाल्या. "फूटी हैं. मेरे लड़के ने फोड़ी हैं. हाथ मरोड़ के."

मराठीत हे त्यांच्या तोंडातून आलं नसतं. आईचा शब्द आडवा आला असता. हिंदीत त्यांना अडवायला कुणी नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर मग त्यांना थांबता येईना. "पहली बार नहीं है. मेरे को मालूम था. वो अंदर मारता था और मैं टीवी की आवाज़ बढ़ाती थी."

समिधानं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते. ती पांढरीफटक पडली होती. "आई, काहून सांगितलं तुम्ही? त्यांना समजलं तर... आई, काहून?"

"माझं चुकलं बेटा," कुमुदताई म्हणाल्या. "आज नाही चुकलं. एवढे दिवस चुकत होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पडदा नीट ओढून घेतला, समिधाला पाणी दिलं. मनगटावरची खूण आणि दंडावरच्या जुन्या खुणा त्यांनी तिच्या फाइलमध्ये नीट लिहून घेतल्या, पुढं कधी लागलं तर उपयोगी पडेल म्हणाल्या. एका कागदावर महिलांच्या मदत केंद्राचा नंबर लिहिला. मग खुर्ची ओढून त्या समिधाच्या समोर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम क्या चाहती हो? सास नहीं, पति नहीं. तुम."

समिधानं मान वर केली. असं तिला कुणी विचारून जमाना झाला असावा.

"मेरे को सोना है," ती शेवटी म्हणाली. आणि मग कुमुदताईंकडं वळून मराठीत, "मले झोपायचं आहे, आई. लई दिवस झाले. ते घरात असले की झोपच नाही येत, कान तिकडंच राहतात."

या एवढ्याशा मागणीनं कुमुदताईंचं काळीज पिळवटलं. त्यांनी तिचा हात धरला आणि रिक्षा घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी समिधाला बाहेरच्या खोलीत आपल्या स्वतःच्या पलंगावर निजवलं, पंखा लावला आणि पायांवर चादर घातली. पाच मिनिटांत ती गाढ झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलीसारखी. कुमुदताई तिच्याकडं थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग मधलं दार ओढून घेऊन त्या आत गेल्या आणि गौरांगची बॅग भरायला बसल्या. शर्ट घडी केले, बनियन मोजून ठेवले, दाढीचं सामान ठेवलं. लसणाची चटणी त्याला लागते म्हणून एक बरणी कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवली. डोळे पुसत होत्या आणि घड्या घालत होत्या.

गौरांग सहाच्या सुमाराला मागल्या दारानं आला. हातात जिलेबीचं खोकं होतं. बॅग पाहून तो थबकला.

"हे काय, आई? कोण जाऊन राहिलं?"

"तू. सिहोऱ्याला खोली घे. साडेसातची बस आहे."

तो आधी हसला. आईच्या चेहऱ्यावर हसू नाही हे पाहून त्याचा चेहरा बदलला. "तिनं काय सांगितलं तुला? कुठं आहे ती?" म्हणत तो मधल्या दाराकडं निघाला. कुमुदताई त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या. पण त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिनं काही नाही सांगितलं. ती डॉक्टरसमोरही वाढल्याच म्हणून राहिली होती. मी सांगितलं. आणि हळू बोल, ती झोपली आहे."

"आई, तू पण ना! होऊन जातं एखाद वेळेस, बँकेत दिवसभर डोकं खातात लोक. मी काय मुद्दाम करतो?" मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात, "बाबा नव्हते का असे? तू गेली का कुठं? केलाच ना संसार? सगळं चांगलं तर झालं. मी झालो."

हे वाक्य तो बोलेल असं कुमुदताईंना वाटलं नव्हतं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. लहानपणी तो झोपलेला असायचा असं त्या धरून चालल्या होत्या.

"तुझ्याआधी एक पोरगी होती मला," त्या म्हणाल्या.

दाराकडं गेलेला गौरांगचा हात खाली आला.

"सातवा महिना होता. समिधाला आहे तसाच. दवाखान्यात विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, जिन्यावरून पाय घसरला. त्यांनी तसं लिहून घेतलं. तुझे बाबा बाजूलाच उभे होते, रडत होते. सगळी कॉलनी भेटायला आली. सगळ्यांनी म्हटलं, जिन्यावर जपून चालावं." त्यांनी श्वास घेतला. "तू त्याच कारखान्याच्या क्वार्टरमधे मोठा झाला, गौरांग. तू सांग मला. आपल्या क्वार्टरला जिना होता का रे?"

जिना नव्हता. एकमजली बैठी घरं होती ती, ओळीनं सगळी. गौरांग तिथल्या अंगणात गोट्या खेळला होता.

तो मटकन खाली बसला. जिलेबीचं खोकं त्याच्या मांडीवर होतं. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. "आई, आता नाही करणार," तो म्हणाला. "शपथ घेतो. कसम से."

कुमुदताईंना असलं रडणं माहीत होतं. असल्या शपथांवर त्यांनी सगळा संसार काढला होता. हे रडणं त्यातलंच होतं की वेगळं, हे त्यांना ओळखता येईना, आणि ओळखायची जोखीम आता दुसऱ्याच्या लेकीवर टाकायची नव्हती. त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून फिरवला.

"नको करू," त्या म्हणाल्या. "पण ते सिहोऱ्याला राहून दाखव. बाळ होईपर्यंत इकडं यायचं नाही. पुढचं समिधा ठरवेल. जबरदस्तीनं आलास तर डॉक्टरनं नंबर दिला आहे, तो मी लावीन. तुझी आई लावील, ती नाही. ऊठ, बस चुकेल."

तो गेला. फाटकाची कडी त्यानं इतक्या जोरात आपटली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. कुमुदताई भिंतीला टेकून मागल्या खोलीतच बसल्या. आपण बरं केलं की वाईट, हे त्यांना समजत नव्हतं. मुलगा गेला एवढंच समजत होतं.

मधलं दार सरकलं. समिधा उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उठलेली. ती किती वेळ जागी होती कुणास ठाऊक. एका हातानं भिंतीचा आधार घेत ती सावकाश खाली बसली, कुमुदताईंच्या अगदी शेजारी.

"आई," समिधानं विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

कुमुदताईंनी मान हलवली. "ती थोडीच राहिली बेटा. नाव कोण ठेवतं?"

"तुम्ही काय म्हणायच्या तिला?"

हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. विष्णूनं नाही, सासूनं नाही, स्वतःच्या आईनं नाही. ते नाव त्यांनी फक्त मनातल्या मनात घेतलं होतं, स्टोअरमधल्या रजिस्टरांसमोर बसून, भाजी निवडताना, गौरांगला न्हाऊ घालताना. ओठांवर कधी आणलं नव्हतं, म्हणून ते आता पटकन येईना.

"वसुधा," त्या म्हणाल्या.

समिधानं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे आमच्या बाळाला आत्या होती," ती म्हणाली, आणि कुमुदताई पहिल्यांदाच, दारं-खिडक्या सताड उघड्या असताना, मोठ्यानं आपल्या मुलीसाठी रडल्या.